फजिती, भाग तीन

००००

गोरक्षने व्हीसीआरच्या तोंडात फुंकर मारली, कॅसेट आत ढकलली आणि बोटाने तिला शेवटचा धक्का दिला. काचेमागचे हिरवे आकडे शून्यावर आले. शाळेच्या प्रयोगशाळेत खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या होत्या, परीक्षानळ्यांचे स्टँड कोपऱ्यात सारून टेबलावर टीव्ही ठेवला होता. शनिवारची सकाळची शाळा सुटून अर्धा तास झाला होता.

"थांब," यशोधरा म्हणाली. "लावायच्या आधी एक ठरवून घेऊ."

गोरक्षचे बोट बटणावर तसेच राहिले.

"आता काय राहिलं, बाई?" मरकड सरांनी विचारले. ते हेडमास्तर होते आणि त्यांना दीडची एसटी गाठायची होती.

"कॅसेट अयोग्य ठरली तर नुसती परत देऊन भागणार नाही. आत ज्या मुलांचे आवाज आहेत त्यांची नावं या कागदावर लिहायची. वर्तणुकीच्या दाखल्यावर शेरा मारायचा. नाहीतर पुढच्या महिन्यात भाग चार येईल."

"लई कडक," आबासाहेब म्हणाले. ते पालकांच्या वतीने कॅसेट तपासायच्या समितीवर होते. गिरणी तशीच चालू ठेवून आल्यामुळे त्यांच्या भुवयांवर पीठ होते. "पोरंच हायती ती."

"पोरं आहेत म्हणूनच."

मरकड सरांनी हाताने 'लिहा' अशी खूण केली. यशोधराने ते कागदावर लिहिले, खाली रेघ ओढली. तिघांच्या सह्या झाल्या.

"तुमच्या प्रज्ञाचा फॉर्म सोमवारी नगरला पाठवतो हं," सही करता करता मरकड सर म्हणाले. "वसतिगृहवाले यंदा दोनच मुली घेणार आहेत. वर्तणुकीचा दाखला तेवढा जोडायचा राहिलाय."

"बरं, सर."

गोरक्षने बटण दाबले.

०००९

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग वेडीवाकडी अक्षरे. फजिती. भाग तीन. मागे लग्नाच्या शूटिंगला लावतात ती सनई.

गावातली केबल गोरक्षची. चौकातला व्हिडिओ गेमचा गाळाही त्याचाच: एक टीव्ही, दोन जॉयस्टिक, एक स्टूल आणि त्याभोवती दिवसभर पोरांचे मोहोळ. लग्नसराई नसली की कॅमेरा रिकामा पडे. दिवाळीपासून त्याने नवीन सुरू केले होते. कॅमेरा फळीवर शालीखाली दडवायचा, खेळायला बसलेल्या माणसाची फजिती करायची, आणि रविवारी सकाळी केबलवर ती लावायची. सत्तर घरांत रविवारी सकाळी दुसरे काही लागत नसे. पहिला भाग पाहून पोरांनी हातपंपाच्या दांड्याला ग्रीस फासले आणि एक बाई भरल्या हंड्यासकट आपटली. दुसऱ्या भागानंतर एका पोराने लहान भावाला कणगीत कोंडले. तक्रारी शाळेकडे आल्या. आणि त्यातच गोरक्षने अर्ज दिला, की तिसरा भाग स्नेहसंमेलनात पडद्यावर दाखवायची परवानगी मिळावी.

बघून ठरवायचे कसे, याचा फॉर्म शाळेकडे नव्हता. मग कपाटातून नाटुकल्यांच्या तपासणीचा जुना छापील कागद काढला होता. पाच प्रश्न, एक शेरा, आणि तळाला 'योग्य / अयोग्य (नको ते खोडावे)'.

०११८

एक पोरगा शेवटच्या फेरीला पोहोचतो. मागून कोणीतरी मेन स्विच पाडतो. पोरगा काळ्या पडद्याकडे बघत राहतो, मग रडकुंडीला येतो. हशा.

आबासाहेबही हसले. यशोधराच्या ओठांचा कोपरा हलला, तिने तो आवरला.

"यात काय वाईट नाही," मरकड सर म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. तिने कागदावर काही लिहिले नाही.

०३४२

गाळ्याच्या दारात चांगुणाबाई. डोक्यावर बोरांची टोपली, पदर कंबरेला खोचलेला. ती रोज त्याच उंबऱ्याबाहेर बसते, हे गावात सगळ्यांना माहीत होते. आत कधी आलेली कोणी पाहिली नव्हती.

"मावशे, आत ये की." हा गोरक्षचा आवाज.

"मी हितंच बरी."

"अगं, तुझा संदीप आलाय टीव्हीत."

पोरांनी तिला हाताला धरून आत ओढले, टोपली उतरवली, स्टुलावर बसवले. पडद्यावर लाल सदऱ्यातला बोटभर माणूस उभा. डावीकडून उजवीकडे पळायचे, मध्ये खड्डे, मध्ये तुटके पूल.

"ह्यो? आरं जावा. येड्यात काढता व्हय म्हातारीला?"

ती उठायला लागली. मग गलका झाला, कोणीतरी काहीतरी बोलले, आणि ती पुन्हा बसली. अगदी हळू बसली. डोळे पडद्यावर ठेवून.

"व्हय की," ती म्हणाली.

तिच्या हातात जॉयस्टिक दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, जशी पाटीची कड धरतात. लाल सदरा पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

"आरं माज्या लेकरा!"

हशा इतका मोठा उठला की टीव्हीचा आवाज फाटला. आबासाहेब मांडीवर हात मारून हसत होते. लाल सदरा पुन्हा डावीकडून आला. "आला, आला, परत आला," चांगुणाबाई म्हणाली, आणि तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा ती स्टुलावरून उठून पडद्याला हात लावायला गेली. खेळ संपला. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे आली.

"काय लिवलंय, रं?"

"लिहिलंय, आई, मला भूक लागलीय, बोरं दे."

तिने टोपलीतून ओंजळ भरली आणि टीव्हीपुढच्या फळीवर ठेवली. मग आणखी एक ओंजळ. चांगली बघून, किडकी बाजूला काढून. चार-पाच लहान हात खालून आले आणि बोरे संपली. कॅमेरा हसण्याने हलत होता.

०५६६

गोरक्षने थांबवले. चांगुणाबाई पडद्यावर थरथरत उभी राहिली. पट्टी मध्येच थांबवली की चित्र थरथरते तशी.

आबासाहेबांनी उपरण्याने डोळे पुसले. "बोरं दे म्हनं. कुनाच्या डोक्यातून निघालं असंल, बाबा."

"अयोग्य," यशोधरा म्हणाली.

"बाई," मरकड सरांनी फॉर्म पुढे ओढला, "आपण प्रश्नांप्रमाणे जाऊ. अश्लील शब्द आहेत का? नाहीत. दारू? नाही. तंबाखू? नाही. मारामारी, रक्त? नाही."

"सर, तिचा मुलगा तीन वर्षं झाली घरी नाही. सुरतेला जातो म्हणून गेला. पत्र नाही, निरोप नाही."

"गावाला ठावं हाय की," आबासाहेब म्हणाले. "म्हनून तर हसू येतंय." मग तिच्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "बाई, वाईट वाटून घिऊ नका. चांगुणाबाई तुमच्या वस्तीतली हाय, तवा तुमाला जरा जास्त लागतंय. साहजिक हाय. आमच्यातली कुनी असती तर आमी बी..."

"तुम्ही हसला असता?"

आबासाहेब उपरणे झटकू लागले.

"मावशीला पुसलं मी," गोरक्ष मध्येच म्हणाला. "लावू का म्हनलं, तर लाव म्हनली. जबरदस्ती न्हाई केली."

"लागलं असेल मला जास्त," यशोधरा म्हणाली. "म्हणून तर नीट लिहिणार आहे. ती उठून निघाली होती. नेमकं काय सांगितल्यावर बसली, तेवढं शब्दाला शब्द लिहून घेते. मग कोणी म्हणायला नको की बाईंनी भावनेच्या भरात खोडलं. मागे घे."

०३९१

व्हीसीआर मागे फिरला. बोरे लहान हातांतून फळीवर आली, फळीवरून ओंजळीत, ओंजळीतून टोपलीत. लाल सदरा खड्ड्यातून वर आला.

"येड्यात काढता व्हय म्हातारीला?"

गलका. यशोधराने पेन तयार ठेवले. काही ऐकू आले नाही.

"परत."

०३९१

ती उठून टीव्हीच्या पेटीपाशी गेली, वाकली आणि कान जाळीला लावला. मरकड सरांनी घड्याळ पाहिले. गलक्याखाली एक पातळ आवाज होता, मुलीचा, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून आलेला.

"आजी, खरंच संदीपदादा आहे. उडी बघा ना. ओढ्यावरून उडी मारताना तो असाच हात वर करायचा. उजवा. मूठ करून."

यशोधरा ऐकत ऐकत लिहीत होती. 'ओढ्यावरून उडी मारताना' इथवर लिहून झाले होते. पुढचा शब्द तिला माहीत होता, पण तो कागदावर उतरला नाही.

शाळेच्या मागे ओढा आहे. आता त्यावर फरशीचा बुटका पूल आहे, ही त्याच्याही आधीची गोष्ट. संदीप सहावीत होता. पावसाळ्यात बाकीची पोरे फेरा घालून येत, हा उडी मारून येई. उडी मारताना उजवा हात वर, मूठ आवळलेली, जणू वर कोणी धरायला आहे. ती वर्गाच्या खिडकीत हजेरीपट घेऊन उभी असे आणि त्याचे दोन्ही पाय अलीकडे टेकेपर्यंत पहिले नाव पुकारत नसे. हे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते. गेल्या अश्विनात एकदा संध्याकाळी वीज गेली, प्रज्ञा तिच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती, तेव्हा सांगितले. फक्त तेव्हा. 'मला वाटायचं, हा पडला तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू,' असेही सांगितले होते. प्रज्ञा काही बोलली नव्हती. झोपली असेल, असे तिला वाटले होते.

"सापडलं का?" मरकड सरांनी विचारले.

"परत एकदा."

०३९१

"...तो असाच हात वर करायचा. उजवा. मूठ करून."

आणि लगेच दाबलेले हसू. ते हसू ती रोज ऐकत होती, न्हाणीच्या दाराआडून, गोधडीखालून.

०४०२

गोरक्षने बटण दाबून कॅसेट थांबवली आणि खाली बसून जादा वायर कोपरावर गुंडाळू लागला.

"बाई," तो वायरीकडेच बघत म्हणाला, "अयोग्य करायचं तर करा. माजी काय तक्रार न्हाई. आन नावं पायजेत ना? मी सांगतो. त्या दिशी कोन कोन हुतं, समदं ध्यानात हाय माज्या."

"अरे, मग सोपंच झालं," मरकड सर म्हणाले. "सांग. बाई लिहून घेतील."

यशोधराने पेनाला टोपण लावले. मग काढले. मघाशी स्वतः ओढलेली रेघ कागदावर पुरेशी ठळक होती. तिने शाई दाबून ओढली होती.

"सर, तो प्रश्न कोणता म्हणालात? चौथा?"

"मारामारी, रक्तपात."

"नाही." तिने लिहिले.

"पाचवा. पाहून मुलांनी अनुकरण करण्याचा धोका."

तिने पेन त्या ओळीवर नेले. "आता सगळ्यांना चांगुणाबाई थोडीच मिळणार आहे," ती म्हणाली. "नाही."

मरकड सर चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. "आत्ता तर तुम्ही म्हणत होतात..."

"दुसऱ्यांदा पाहिल्यावर तेवढं वाटत नाही, सर."

"मी काय म्हनत हुतो," आबासाहेब खूश होऊन म्हणाले. "कंची बी गोष्ट दोनदा बघावी. पयल्यांदा मानसाला लागतंच."

"शेऱ्यात काहीतरी लिहा," मरकड सर म्हणाले. त्यांनी एव्हाना पिशवी काखेला मारली होती. "नुसतं योग्य बरं दिसत नाही."

तिने लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले, गोल आणि सरळ: 'ग्रामीण जीवनाचे दर्शन घडवणारा निखळ विनोदी कार्यक्रम. मुलांनी पालकांसमवेत पाहण्यास हरकत नाही.' मग तळाला आली आणि 'अयोग्य' या शब्दावर एक आडवी रेघ मारली.

गोरक्षने कॅसेट शेवटपर्यंत मागे घेतली. मरकड सरांनी फॉर्म पिशवीत सारला. यंत्राची घरघर तेवढी चालू होती. खिडकीवरची सतरंजी काढायला तो तिच्याजवळून गेला, तेव्हा हळूच म्हणाला:

"पोरगी लई हुशार हाय तुमची. नगरला जाऊ द्या."

कॅसेट बाहेर

फाटकाबाहेर चांगुणाबाई टोपली घेऊन बसली होती. शाळा सुटून इतका वेळ झाला तरी ती घरी गेली नव्हती. यशोधरा दिसताच तिने उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यावर हात दाबून अर्धी उठली.

"जयभीम, बाई."

"जयभीम. बसा, बसा."

"पास झालं का?"

यशोधराने खांद्यावरची पर्स सारखी केली. "काय?"

"गोरक्ष म्हनला, आज साळंत तुजं पिच्चर पास करनार. मोठी मानसं बसल्यात, बाई बी हायती. म्हनलं, बाई हायती तर हुईल."

"झालं."

चांगुणाबाईने मान हलवली आणि टोपलीवरचे फडके नीट केले. तोंडावर काही विशेष दिसले नाही. "त्याची तार कुठवर जाती, वो?"

"केबलची?"

"व्हय. सुरतपातुर जाती का?"

तार पाण्याच्या टाकीपर्यंत जात होती. टाकीच्या पुढे गोरक्षकडे खांब नव्हते. फाटकापासूनही तारेचे टोक दिसत होते. चिंचेच्या फांदीला गुंडाळून ठेवलेले.

"जात असेल," यशोधरा म्हणाली.

"समदी हसत्यात, ठावं हाय मला," चांगुणाबाई म्हणाली. "हसू द्या. बाव्हला हाय त्यो, कळत न्हाई का मला? बोटायेवढा संदीप आसतो का कुठं? मी उठलेच हुते, बाई. पर तुमच्या प्रज्ञानं हाताचं सांगितलं."

यशोधराने फाटकाची कडी धरली.

"त्यो हात वर करायचा ना उडी मारताना, त्ये म्या कुनाला बोलले न्हाई कधी. मी तिकडं बांदावर निंदायला आसायची, लांबून बगायची. दुसऱ्या कुनाला ठावं आसायचं कारन न्हाई. वड्याला फरशी झाली तवा तुमची पोरगी नुकती चालत हुती. फरशी झाल्याव कोन उड्या मारतंय?" तिने बोट टोपलीच्या काठावर ठेवले, हिशोब पुरा व्हावा तसे. "मंग तिला कसं ठावं? बगितला आसंल तिनं. आता आता बगितला आसंल. कुठंतरी एसटी थांबली आसंल, नगरला न्हाईतर तिसगावात, दिसला आसंल उडी मारताना. तिच्या ध्यानात आलं आसंल, आन मला सांगाया भ्याली आसंल. हसायच्या निमतानं सांगितलं तिनं."

यशोधरा कडी सोडून उभी होती. एक वाक्य पुरे होते. मी तिला सांगितलं, चांगुणाबाई. मी खिडकीत उभी असायची. त्यापुढची वाक्ये मात्र पुष्कळ होती, आणि सोमवार परवावर आला होता.

"इचारा तिला," चांगुणाबाई म्हणाली. "मी कितींदा इचारलं, तर पळून जाती. तुमाला सांगंल. आईला सांगंल ती."

"विचारते."

"रागं भरू नका तिला."

"नाही."

चांगुणाबाईने ओंजळ भरली. किडकी बोरे बोटांनी चाचपून बाजूला काढली, उरलेली यशोधराच्या रुमालात ओतली आणि रुमालाची गाठ स्वतःच मारून दिली.

"पोरीला द्या. तिची लई माया हाय त्याच्यावर."

घरी

प्रज्ञा दारातच उभी होती. अजून शाळेचाच फ्रॉक अंगावर.

"आई, पास झालं?"

यशोधराने चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली. तिने रुमालाची गाठ सोडली आणि ठेवायला जागा बघत, समोर होता म्हणून, टीव्हीवर बोरे पसरली. एक घरंगळून पडद्यापुढच्या पट्टीवर येऊन थांबले.

"झालं. घे. चांगुणाबाईंनी दिलीत. तुझ्यासाठी."

टीव्ही भिंतीतल्या उंच कोनाड्यात होता. प्रज्ञाने टाचा उचलून उजवा हात वर नेला. बोरांपर्यंत तो पोहोचला होता. मग बोर न घेताच बोटे हळूहळू मुठीत वळली, आणि हात तसाच वर राहिला.

यशोधरा तिच्या मागे उभी होती. तिने काही विचारले नाही.